टाकीवरची तीन अक्षरं

मला इंग्रजीची तीन अक्षरं येतात. एकूण किती असतात ते मी कधी विचारलं नाही, कारण त्या तिघांच्या जिवावर मी राहू गावात निम्मी हयात ताठ मानेनं काढली.

ती अक्षरं आमच्या मोटारसायकलीच्या टाकीवर होती. गाडी मूळची मिलिटरीची. आमचे मालक खडकीच्या डेपोत कामाला असताना तिथल्या लिलावात त्यांनी ती घेतली. गाडी कसली, रेडाच तो. स्टँडवर चढवायची तर दोन गडी लागायचे, आणि सुरू झाली की शेजारची म्हैस दावं तोडायची. ती घेऊन हे मला न्यायला भीमेपलीकडं न्हावऱ्याला, माझ्या माहेरी आले, तेव्हा मच्छिंद्र मांडीवर होता. निम्मं न्हावरं आमच्या दारात जमलं. मी पदराआडून टाकीकडं बोट केलं आणि विचारलं, "हे काय लिवलंय?"

"माझं नाव. इंग्रजीत," हे म्हणाले.

"आख्खं?"

"आख्खं कसं मावंल येवढ्या जागंत? बी म्हंजी बबन, एस म्हंजी शंकर, ए म्हंजी अनभुले."

हसले नाहीत. गालातल्या गालातसुद्धा नाहीत. उलट रुमालानं ती अक्षरं पुसली. मग माझी मान जी ताठ झाली, ती झालीच.

आता आमच्याकडं नवऱ्याचं नाव बायको तोंडानं घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. इथं लिहिताना घेते आहे, पण बोटांना कुणी शपथ घातलेली नाही. त्यामुळं झालं काय, की सगळं गाव "बीएसए आली, बीएसए गेली" म्हणायचं आणि मी एकटी "ह्यांची गाडी" म्हणायचे. वरून मला गावाचा राग यायचा. माणसाला आबा, अण्णा, काहीतरी म्हणावं. हे काय, उठसूट नुसतं नाव घ्यायचं? एकदा शेजारची भागुबाई भिंतीवरून म्हणाली, "पार्वतीबाई, तुमची बीएसए आज लई खोकतीय वं, धूर बी लई सोडती." ह्यांना तेव्हा खरोखरच खोकला झाला होता, आणि बिडी तर होतीच. परक्या बाईनं माझ्या नवऱ्याचं असं नाव घेऊन त्याचा खोकला काढावा? मी तिला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. भिंत मध्ये होतीच, ती मी आणखी हातभर वाढवून घेतली.

एवढ्यावर थांबते तर मी पार्वती कसली. शिरूरच्या बाजारात भांडी घेतली की दुकानाबाहेर नाव घालणारा बसलेला असायचा, खिळा आणि हातोडी घेऊन. "काय नाव घालू?" असं त्यानं विचारलं की बायका धाकट्या दिराला नाहीतर पोराला पुढं ढकलायच्या. मला त्याची गरजच नव्हती. मी खाली बसायचे, मातीत बोटानं तीन अक्षरं काढायचे आणि म्हणायचे, "ही घाल." तो एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा अक्षरांकडं, आणि ठिपक्याठिपक्यांनी घालून द्यायचा. तांब्या, तपेली, हंडा, डबे, सगळ्यांवर बीएसए. लेकीच्या रुखवतात मांडलेल्या घागरीवरसुद्धा. व्याह्यांनी विचारलं, "कुठल्या कंपनीची भांडी म्हणायची ही?" मी मान वर करून सांगितलं, "कंपनीची न्हाईत. घरची हायेत."

व्याही तेव्हा पान खात होते. त्यांना ठसका लागला. मला वाटलं, चुना जास्त झाला असेल.

गाडीवर माझी बसायची जागा मागं, एकीकडं पाय सोडून. एकदा माहेराहून येताना पारगावजवळ माझ्या नऊवारीचं टोक चेनमध्ये गेलं. पातळ एवढं ओढलं गेलं की बाकीचं कसंबसं गुंडाळून मी घरी आले ते लोकांच्या नजरा चुकवत. दुसऱ्या दिवशी ह्यांनी काय करावं? न विचारता माझी पितळी परात उचलली, माझ्या आईनं दिलेली, कात्रीनं कापली, आणि तिचा पत्रा वाकवून चेनवर ठोकून बसवला. म्हणाले, "आता बस निवांत." मी म्हणाले, "पीठ आता तुमच्या गाडीत मळू का?" पुढं कितीतरी दिवस मी भाकरी थापताना दणादण आवाज करत होते, त्यांना ऐकू जावा म्हणून. पत्रा मात्र पक्का बसला. पातळ पुन्हा अडकलं नाही.

मोठ्या दुष्काळाच्या साली हे गेले. गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली. दसऱ्याला मी तिला झेंडूचा हार घालायचे, आणि हळदकुंकू चाकाला नाही, टाकीवरच्या अक्षरांना लावायचे. तेव्हाही कुणी काही बोललं नाही. माझ्या तोंडाला गाव भीत होतं, आणि मला वाटत होतं की मान देतंय.

मग आणीबाणी उठली त्या साली मच्छिंद्राला दौंडच्या रेल्वे कँटीनला दूध घालायचं काम चालून आलं. तोवर तो सायकलीवर कॅन लावून केडगाव स्टेशनला न्यायचा, तिथनं पॅसेंजरनं दौंडला, आणि रेल्वे कॉलनीत घरोघरी घालायचा. उन्हाळ्यात निम्मं दूध वाटेतच नासायचं. कँटीनवाल्यानं सांगितलं, दूध उजाडताना दारात पाहिजे. दसऱ्यापर्यंत गाडीची सोय झाली तर तुझं काम, नाहीतर दुसऱ्याला देतो.

मच्छिंद्र घरी येऊन म्हणाला, "आई, आबांची गाडी काढतो. मागचं मडगाड कापायचं, दोन्ही अंगाला क्यान अडकवायला गज लावायचे. टाकी सडलीय, ती बदलायची. ज्ञानू मिस्त्रीकडं दुसऱ्या गाडीची हाय."

मडगाड म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, हे मला ठाऊक होतं. त्याचं काही नव्हतं. पण टाकी?

"टाकीला हात लावलास तर याद राख," मी म्हणाले. "तुझ्या बापाचं नाव हाय तिच्यावं."

"अगं आई..."

"त्यांचं नाव पुसून दूध इकायचं आसंल तर नगं ते दूध."

सून अंजना चुलीपुढं होती. ती म्हणाली, "आत्याबाई, ती अक्षरं म्हंजी खरं तर..." मच्छिंद्रानं तिच्याकडं असं बघितलं की ती फुंकणी घेऊन चुलीत तोंड घालून बसली. मला वाटलं, बघा, लेकाचा किती वचक आहे बायकोवर. माझ्यावर गेलाय.

मच्छिंद्रानं गाडी धुतली, दोन दिवस लाथा घालून सुरू केली आणि दौंडला निघाला. मी डब्यात भाकरी-पिठलं बांधलं आणि मागं जाऊन बसले. तो म्हणाला, "तू कशाला?" मी म्हणाले, "नावाला पहारा." वाटेत ज्या ज्या वाडीतून गेलो तिथली माणसं थांबून बघत होती. गुडघ्यात कळ येत होती, पण मी अशी बसले होते की जणू रोज दौंडला जाते आणि आज जरा उशीरच झालाय.

ज्ञानूचं गॅरेज दौंड स्टेशनच्या मागं. इंजिनाची शिट्टी झाली की तिथं बोलणारा माणूस अर्ध्यावर थांबतो आणि शिट्टी संपली की उरलेलं बोलतो. ज्ञानूनं गाडीभोवती चक्कर मारली, खडूनं मडगाडवर रेघ ओढली. "हितनं कापू. आन् ही टाकी उतरवू."

"टाकी उतरायची न्हाई," मी म्हणाले.

"मावशी, खालनं गळतीय. कुणी जवळ बिडी पेटिवली तर तुमी, मी आन् दूध, समदं येका वक्ताला वर."

"मग डाग दे खालनं."

"पेट्रोलच्या टाकीला डाग द्यायला माझी बायको न्हाई म्हणती. तिला अजून मी हवाय."

"मग ती अक्षरं खरवडून काढ आन् दुसऱ्या टाकीवर बशीव."

ज्ञानूनं मच्छिंद्राकडं बघितलं. मच्छिंद्रानं छपराकडं बघितलं.

तेवढ्यात बाहेरून आमच्याच गाडीचा आवाज आला. आमची तर समोर बंद उभी होती. आवाज थांबला आणि आत एक गोरा म्हातारा आला. अर्धी चड्डी, डोक्याला टोपी, हातात कापड. राबीनसाहेब. रेल्वेत ड्रायव्हर होता, निवृत्त होऊन कॉलनीत राहायचा, मच्छिंद्राचंच दूध घ्यायचा. आदल्या दिवशी दूध घालताना मच्छिंद्र त्याला बोलून गेला होता, की उद्या ज्ञानूकडं गाडी कापायला नेतोय. म्हातारा बरोबर वेळ गाठून धावत आला होता.

"मच्छिंदर! इसको काटेगा? पहले मेरे को काटो!"

त्यानं ज्ञानूच्या हातातला खडू काढून घेतला आणि रेघ कापडानं पुसली. मला माणूस आवडला.

"मदर," तो मला म्हणाला, "ये गाडी को हात लगाने मत देना. टाकी, लाइट, हँडल, सब ओरिजिनल है. जैसा निकला, वैसा."

"ऐकलंस?" मी मच्छिंद्राला म्हणाले. "वरिजनल हाय." शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण माणूस माझ्या बाजूचा होता, म्हणजे शब्द चांगलाच असणार.

"आई, वरिजनल गाडीवर दूध बसत न्हाई."

"मग दूध शीक म्हणावं बसायला."

साहेबाला एवढा आनंद झाला की त्यानं टोपी काढून मला सलाम केला. म्हणाला, "मेरा भी ओरिजिनल है. आओ मदर, देखो." आम्ही सगळे बाहेर गेलो. लिंबाखाली गाडी उभी होती. लख्ख. आमचीच जणू बहीण, फक्त हिला रोज न्हायला घालणारं कुणीतरी होतं. साहेबानं टाकीवरचं कापड नवरीचा पदर उचलावा तसं उचललं.

टाकीवर तीन अक्षरं. बी. एस. ए.

माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं. "ओ साहेब," मी म्हणाले, "हे नाव तुमच्या गाडीवं कुणी लिवलं?"

"कौनसा नाम?"

"हेच की. आमच्या ह्यांचं."

साहेबानं टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ज्ञानू आत जाऊन एका ट्रकखाली शिरला. त्या ट्रकला काहीच झालेलं नव्हतं.

"मदर, ये तो कंपनी का नाम है. बर्मिंगहॅम."

"कोण बर्मिंग?"

"गाव है. उधर विलायत में. ये कंपनी पहले बंदूक बनाती थी. सब गाडी पे यही नाम लिखती है."

"माझा नवरा बंदुका करत न्हवता," मी म्हणाले. "शेती करायचा."

मग मी मच्छिंद्राकडं वळले. तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता. हा ह्यांचाच अंगठा, हीच खोड.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"शाळंत एबीसीडी लागली तवापासनं."

"आन् बोलला न्हाईस?"

"आबा म्हणाले, तिला सांगू नगंस, लई खूस हाय ती. मागनं सांगाय गेलो आस्तो, पर तू भागूकाकूचं काय केलंस ते समद्या गावानं बघितलं व्हतं. मग कुणाची हाय छाती?"

"समद्या गावाला ठावं हाय?"

त्यानं चप्पल मातीत घासली. तेवढ्यात इंजिनानं शिट्टी दिली, लांबलचक. त्या शिट्टीचे माझ्यावर उपकार आहेत. तेवढा वेळ कुणालाच काही बोलता आलं नाही आणि मला एका टायरवर बसून घेता आलं.

बसल्या बसल्या मी मनात माझ्या स्वयंपाकघरातून फिरून आले. तांब्या, तपेली, हंडा, डबे. विलायतेतल्या बंदुकवाल्यांचा सगळा संसार मी राहूत मांडला होता. व्याह्यांचा ठसका आता कळला. चुना बेताचाच होता बिचाऱ्यांचा.

शिट्टी थांबली. साहेब माझ्या मांडीवरच्या भाकरीच्या डब्याकडं डोळे मोठे करून बघत होता. डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेली तीच अक्षरं.

"मदर," तो हळूच म्हणाला, "BSA ने टिफिन कब बनाया? ये तो मैंने किताब में भी नहीं देखा. बेचेगा क्या?"

ट्रकखालून ज्ञानूचा खोकल्यासारखा आवाज आला. मच्छिंद्रानं तोंडावर हात धरला. आणि काय सांगू, मलाच आधी हसू फुटलं. हसता हसता डब्याचं झाकण उडालं. ह्यांच्यावर एवढा राग आला होता आणि भांडायला ते समोर नव्हते. हसण्याशिवाय करते काय?

पण हसून झाल्यावर झाकण उचलायला वाकले आणि मनात आलं. नाव नव्हतंच तर मग इतकी वर्षं मी हार कुणाला घातला? ह्यांचं म्हणून गाडीवर काय होतं?

साहेबाला माझं काही कळलं नव्हतं. त्याला गाडी वाचवायची होती. तो आमच्या गाडीशी गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "देखो, सब सही है. खाली ये एक चीज गलत है. ये चेन के ऊपर का पत्रा. ये कंपनी का नहीं. किसने लगाया? इसको निकालो, गाडी एकदम असली."

त्यानं कापड पेट्रोलमध्ये बुडवून पत्रा घासला. इतक्या वर्षांचं काळं ग्रीस, माती, गवत. खालून पिवळं चमकलं.

"पीतल?" तो म्हणाला.

"परात हाय ती," मी म्हणाले. "माझी."

मी उठून जवळ गेले. त्याच्या हातातलं कापड घेतलं आणि स्वतः घासायला लागले. पितळेवर ठिपके होते. माझ्या आईनं न्हावऱ्याच्या कासाराकडून घालून घेतलेले. मराठीत. मला वाचता येतात असे.

"...र्वती हीस आईकडून."

"पा" कात्रीत गेला होता. बाकी मी सगळी होते तिथं, चेनच्या वर, चिखल खात.

परात चांगली मोठी होती. पत्रा कुठूनही कापता आला असता, अक्षरं आतल्या अंगाला टाकता आली असती. ह्यांनी मुद्दाम तेवढंच कापलं, का कात्री जिकडं गेली तिकडं गेली, ते आता विचारायला माणूस नाही. मी मुद्दामच धरलं. इतकी वर्षं खोटं खरं धरून चालले, त्यात आणखी एक. एवढ्यानं काही बिघडत नाही.

"ज्ञानू, भाईर ये," मी म्हणाले. "काप."

"मदर!" साहेब ओरडला.

"मडगाड काप, टाकी उतरीव, गज लाव. पर ह्या पत्र्याला हात लावायचा न्हाई."

ज्ञानू ट्रकखालून निघाला. डोळे पुसत होता, हसून हसून. "मावशी, पत्रा ठिवला तर त्या अंगाचा क्यान कसा अडकवू? गज आडवा येतोय."

"भाईरनं फिरवून घे. गरवार बाई निऱ्या कशा खोवती? पोट सांभाळून. तसा गज वाकीव."

मच्छिंद्र कधी नव्हे ते माझ्याकडं सरळ बघून हसला. मी म्हणाले, "दात काय दावतोस? दसरा जवळ आलाय. कँटीनवाला थांबनार हाय का?"

साहेब मात्र तिथं उभा राहू शकला नाही. करवत मडगाडवर चढली तसा तो पाठ करून लिंबाखाली जाऊन बसला, घरात कुणी गेल्यासारखा. मला वाईट वाटलं. उतरवलेली टाकी मी त्याच्या मांडीवर नेऊन ठेवली. म्हटलं, "घ्या साहेब. कंपनीची हाय, तुमाला ठावी हाय ती कंपनी. डाग देणारा तुमाला घावंल." त्यानं ती कापडात गुंडाळली आणि तान्हं पोर न्यावं तशी पुढ्यात घेऊन गाडीवरून हळूहळू गेला.

नवी टाकी बसली. लहान, काळी, कोरी. गॅरेजशेजारी ट्रकांवर नंबर घालणारा पेंटर होता, तो ब्रश घेऊन आला. "काय नाव टाकू, मावशी?"

मच्छिंद्रानं तोंड उघडलं. मी हात आडवा धरला. "मी सांगती."

पदर सारखा केला. तोंड पेंटरकडं केलं नाही, भिंतीकडं केलं. आणि घेतलं, आख्खं, वडिलांच्या नावासकट.

नेमकी तेव्हाच इंजिनानं शिट्टी दिली.

शिट्टी थांबली आणि पेंटर म्हणाला, "काय म्हणालात?"

आता पहिल्यांदा घेताना जी हिंमत गोळा केली होती ती सगळी शिट्टीत वाया गेलेली. दुसऱ्यांदा मी एवढ्या जोरात घेतलं की समोरच्या चहावाल्यानं "काय झालं? कोण गेलं?" म्हणून मान बाहेर काढली. पेंटरनं घातलं, पांढऱ्या रंगानं, मराठीत, सगळ्या मात्रांसकट. बबन शंकर अनभुले. मी तिथंच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचलं. पुन्हा कुणी फसवायला नको.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दूध उजाडताना कँटीनच्या दारात होतं. तेव्हापासून रोज जातंय. वाड्यावस्त्यांवरची पोरं गाडी दिसली की टाकीवरचं वाचून ओरडतात, "बबनराव आले, बबनराव आले!" मला आता राग येत नाही. उलट बीएसए म्हणायला मी मोकळी झाले, आणि दिवसातून कितीदा म्हणते त्याचा हिशोब नाही. "बीएसए आली का? बीएसए धुतली का?" अंजना म्हणते, "आत्याबाई, आता तर गाडीवर बीएसए लिवल्यालं बी न्हाई." मी म्हणते, "भांड्यांवर हाय की."

नाताळला साहेबानं मच्छिंद्राबरोबर केक पाठवला. त्यात अंडं असतं म्हणून मी खाल्ला नाही. म्हणजे सगळ्यांसमोर खाल्ला नाही. उरलेल्यातला चांगला मोठा तुकडा तपेलीत घातला आणि भागुबाईकडं गेले. भिंत मी वाढवलेली, तेव्हा वरून देता येईना. रस्त्यानं वळसा घालून दारातून जावं लागलं.

तिनं तपेली हातात घेतली. माझ्याकडं बघितलं, केककडं बघितलं. मग तपेली जरा फिरवली आणि अक्षरांवर अंगठा फिरवत, एक पाय मागं घेऊनच, तिनं विचारलं, "ही... बीएसए का वं?"

"व्हय," मी म्हणाले. "कंपनीची हाय."